चित्रशाळेतून लोककारणाकडे : हैदराबादचे सातवळेकर

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे नाव उच्चारले की श्रोत्यांच्या मनासमोर उभे राहतात ते वेदांचे भाष्यकार. या शहरात मात्र ते वेदपंडित म्हणून आले नव्हते. सावंतवाडीजवळच्या कोलगावात १८६७ साली वैदिकाच्या घरी जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मेयो पदक मिळविलेले हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राजधानीत उदरनिर्वाहासाठी आले. येथे त्यांनी चित्रशाळा थाटली; छायाचित्रणाचाही व्यवसाय केला.

स्वतःची तसबीर काढवून घेणारा वर्ग कोणता? जहागीरदार, मनसबदार, दरबारी अंमलदार. ज्यांच्या मर्जीवर चूल पेटायची, त्यांच्याच दरबाराला न रुचणारे विचार चारचौघांत मांडावयाचे, असा हा पेच होता. वकिलाची गोष्ट निराळी. पक्षकाराला त्याच्या मतांशी कर्तव्य नसते. (आपल्याकडे वकिलांच्या चरित्रांना तोटा नाही; कारागिरांची कोण लिहितो?) सातवळेकरांनी तो धोका पत्करला. ते आर्यसमाजाच्या कार्यात शिरले. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या बरोबरीने १९०७ च्या विवेकवर्धिनी पाठशाळेच्या उभारणीत त्यांचा हात होता. जेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू, तेथे मराठी मुलांसाठी शाळा काढणे हे राजकारणच होते, असे माझे मत आहे.

त्याची किंमत लवकरच द्यावी लागली. वैदिक प्रार्थनांवरील त्यांच्या लेखनात ब्रिटिश सरकारला राजद्रोह दिसला. कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखापायी संपादक विष्णु गोविंद विजापूरकर यांना कारावास भोगावा लागला. सातवळेकरांना हैदराबाद सोडावे लागले आणि पुढे हरिद्वारच्या गुरुकुलात असता त्यांना अटक झाली. जमलेला धंदा, जोडलेली माणसे, सारे येथेच राहिले. सुटकेनंतर त्यांनी लाहोरात पुन्हा चित्रशाळा काढली, यावरून मनुष्य कोणत्या मातीचा होता ते कळते.

पुढे ते औंधास आले. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. स्वाध्याय मंडळाचे वेदमुद्रण चालू असतानाच सातवळेकर प्रजापरिषदेच्या कामातही पडले. १९३९ साली त्या चिमुकल्या संस्थानात प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना अमलात आली. १९४८ च्या जाळपोळीनंतर ऐंशीच्या घरातल्या या वृद्धाने गुजरातेत पारडी येथे पुन्हा नव्याने बिऱ्हाड मांडले. ३१ जुलै १९६८ रोजी, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांची कुंचल्याची विद्या चिरंजीव माधव सातवळेकर यांनी पुढे चालविली.