बॅकअप असूनही मूळ दगड का जपायचा?

मी कोड लिहिणारा माणूस, डेटा म्हटलं की आधी बॅकअप आठवतो. आज बोलूया मा हंग (१८८१-१९५५) यांच्याबद्दल. चिनी शिलालेखांचे अभ्यासक, आणि शिक्के कोरणाऱ्यांच्या हांगचौमधल्या शीलिंग संस्थेचे दुसरे अध्यक्ष.

बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात दहा शिलाढोल आहेत. ढोलासारखे दगड, त्यांवर कोरलेल्या कविता. परंपरेनं ते चौ राजा श्वानच्या काळातले. मा हंग यांनी अक्षरांची वळणं छिन राज्याच्या ब्राँझ भांड्यांवरच्या लेखांशी ताडून पाहिली आणि सांगितलं, हे छिनचे.

१९३३ मध्ये जपानी सैन्य जवळ आलं, ढोल हलवायचं ठरलं. पण अक्षरांचा पापुद्रा दगडापासून सुटत होता. धक्का बसला की अक्षर गेलं! म्हणून अक्षरांवर कागद चिकटवला, वरून गोधड्या, दोरखंड, लाकडी खोकी. पुढच्या भटकंतीत ढोल बाओजीलाही पोचले. थांग काळात ते सापडले होते त्याच भागात!

आता, कागदावरचे ठसे होतेच की. म्हणजे बॅकअप होता. मग एवढा खटाटोप का? कारण उद्या कुणाला मा हंग यांचंच म्हणणं तपासायचं झालं, तर दगडच लागणार. आणि ढोलांच्या नेमक्या काळावरून पुढे वाद झालेच!