वेशधारी पात्रे, थीम पार्कमधील

चित्रपटातील किंवा चित्रकथेतील पात्राचा पूर्ण वेश घालून थीम पार्कमध्ये पाहुण्यांना भेटणारे व शोभायात्रेत नाचणारे कलाकार. त्यांचे दोन वर्ग मानतात : चेहरा उघडा ठेवून पात्राच्या ढंगात बोलणारे ‘फेस कॅरेक्टर’ (उदा., सिंड्रेला, अलादीन) आणि डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, मूक ‘फर कॅरेक्टर’ (उदा., मिकी, प्लूटो, टिगर). दुसऱ्या वर्गातील कलाकाराला एकट्याने काम करता येत नाही. त्याच्याबरोबर साध्या गणवेशातील एक अटेंडंट असतो. पाहुण्यांनी काढलेल्या छायाचित्रांत हा अटेंडंट बहुधा चौकटीबाहेर राहतो. भेट सुरळीत पार पडते ती मात्र त्याच्यामुळे.

इतिहास : व्यंगपटातील पात्रे वेश चढवून लोकांपुढे आणण्याचा प्रघात थीम पार्कपेक्षा जुना आहे. 21 डिसेंबर 1937 रोजी लॉस अँजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात डिझ्नीच्या ‘स्नो व्हाइट’ चित्रपटाच्या पहिल्या खेळाला वेशधारी पात्रे हजर होती. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे 17 जुलै 1955 रोजी डिझ्नीलँड सुरू झाले तेव्हा उद्यानाकडे स्वतःचे वेश नव्हते. ‘आइस कपेड्स’ या बर्फावरील नृत्याच्या कार्यक्रमाचे वेश उसने आणावे लागले. पुढे ॲनिमेटर बिल जस्टिस यांच्यासारख्या, पात्रे स्वतः चितारलेल्या मंडळींनी वेशांचे आराखडे केले. फ्लॉरिडातील वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी खुले झाले. तेथील मॅजिक किंग्डम सेवामार्गांच्या जाळ्यावर उभारलेले आहे, त्यामुळे एका विभागातील पात्र दुसऱ्या विभागातून चालत जाताना पाहुण्यांच्या दृष्टीस पडत नाही. नॉट्स बेरी फार्म या उद्यानात 1983 पासून चित्रकथेतील स्नूपी आहे.

निवड : मुख्यतः उंचीवर. मिकी-मिनीसाठी पाच फुटांच्या आसपासचे, गूफीसाठी सहा फुटी कलाकार घेतात.

कामाची पद्धत : फर कॅरेक्टरने बोलायचे नाही, लोकांसमोर डोके उतरवायचे नाही आणि एकच पात्र एका वेळी दोन ठिकाणी दिसू द्यायचे नाही, हे नियम बहुतेक मोठ्या उद्यानांत पाळले जातात. सही ठरलेल्या वळणाचीच करावी लागते. कलाकार बाहेर पाहतो तो वेशाच्या तोंडात किंवा डोळ्यांत बसवलेल्या जाळीतून. पायाशी आलेले लहान मूल, मागून आलेली बाबागाडी, पायरीची कड यांतले बरेच काही त्याला दिसत नाही. म्हणून अटेंडंट रांग लावतो, वेळ पाहतो, पात्राच्या वतीने बोलतो, मागून झेप घेणाऱ्या मुलाला अडवतो आणि मूल घाबरले असेल तर पालकांनी त्याला पुढे ढकलू नये हेही पाहतो. कलाकाराने आधी ठरलेली खूण केली की कोणतेही कारण न विचारता फेरी संपवणे हे अटेंडंटचे पहिले कर्तव्य होय. खुणेची वाट पाहत बसणारा अटेंडंट मात्र अपुरा. चालीतला फरक, मंदावलेले हात, भिंतीकडे कललेले अंग यांवरून त्याने आधीच ओळखायला हवे.

उष्णता : या व्यवसायातील सर्वांत मोठा धोका. घाम वाळला तरच तो शरीर थंड करतो. जाड फरच्या आत तो वाळत नाही आणि फ्लॉरिडाच्या दमट उन्हाळ्यात बाहेरही फारसा वाळत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य यंत्रणांच्या मार्गदर्शनानुसार उष्ण जागी काम करणाऱ्याने दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. डोके उतरवण्यास बंदी असलेल्या कलाकाराला लोकांपुढे ते शक्य नसते, त्यामुळे फेरी आखूड ठेवण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. एरवी अर्ध्या तासाच्या आसपास असणारी फेरी कडक उन्हात त्याहून कमी करतात. काही ठिकाणी वेशाखाली थंडावा देणारी जाकिटे दिली जातात. नवख्या कामगाराला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या 20 टक्क्यांहून अधिक वेळ उष्णतेत ठेवू नये व पुढे रोज तेवढीच वाढ करावी, असाही दंडक याच मार्गदर्शनात आहे. जपानमधील हिराकाता पार्क येथे जुलै 2019 मध्ये 28 वर्षांचा एक तरुण वेश घालून नृत्याचा सराव केल्यानंतर उष्माघाताने दगावला. तो सराव उद्यान बंद झाल्यावर, संध्याकाळी झाला होता. धोका केवळ भर दुपारचा असतो, हा समज या घटनेने खोटा ठरवला.

इजा व कामगार हक्क : फेब्रुवारी 2004 मध्ये मॅजिक किंग्डममधील शोभायात्रेत प्लूटोच्या वेशातील कलाकार चित्ररथाखाली सापडून मरण पावला. संघराज्य सुरक्षा यंत्रणेने कंपनीला केलेला दंड 6,300 डॉलर होता. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ही रक्कम माणसाच्या जिवापुढे फारच तोकडी होती. पाहुण्यांच्या अतिप्रेमानेही इजा होते. वेशाचे डोके मानेवर तोललेले असल्याने त्यावर मारलेली थाप थेट मणक्याला पोहोचते. मिकीच्या डोक्यावर एका पाहुणीने थापट्या मारल्याने मान दुखावल्याची तक्रार 2019 च्या अखेरीस वृत्तपत्रांत आली. नकोशा स्पर्शाच्या तक्रारीही त्याच सुमारास पुढे आल्या.

वॉल्ट डिझ्नी वर्ल्डमध्ये वेशाखालचे कपडे पूर्वी समाईक असत व पाळीनंतर धुण्यासाठी परत करावे लागत. खरूज व उवांच्या तक्रारी झाल्यावर 2001 मध्ये टीमस्टर्स संघटनेने प्रत्येकाला स्वतःचे कपडे मिळवून दिले. ही मागणी क्षुल्लक वाटेल, पण कलाकाराच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. टोकियो डिझ्नीलँडमधील दोन महिला कलाकारांनी 2018 मध्ये चिबा येथील न्यायालयात दाद मागितली. जड वेशामुळे त्यांपैकी एकीच्या खांद्याला व हाताला झालेला विकार कामगार यंत्रणेने त्याआधीच कामातून उद्भवलेला म्हणून मान्य केला होता. कॅलिफोर्नियातील डिझ्नीलँडमध्ये मे 2024 मध्ये पात्र व शोभायात्रा विभागातील सुमारे 1,700 जणांसाठी मतदान झाले आणि 953 विरुद्ध 258 मतांनी ‘ॲक्टर्स इक्विटी’ या रंगकर्मींच्या संघटनेत जाण्याचा कौल मिळाला.

महासाथीचा काळ : अमेरिकेतील डिझ्नी उद्यानांत कोविड महासाथीत बंद झालेली, पात्रांना मिठी मारण्याची मुभा 18 एप्रिल 2022 पासून पुन्हा मिळाली.

भारत : रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकामध्ये टबी हा हत्ती व इतर पात्रे आहेत. एप्रिल-मेमध्ये तेथे जाणाऱ्या पालकांनी अटेंडंटने रांग मध्येच थांबवली तर हुज्जत घालू नये आणि पात्राच्या डोक्यावर मुलांना थापट्या मारू देऊ नयेत.