सही मराठीत, कागद कन्नडात



जून 1986. बेळगावात कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं होतं. मी तेव्हा बँकेत अधिकारी, वय पस्तीसच्या आसपास. एका संध्याकाळी शेजारच्या काकू धावत आल्या, "अरे, आमच्या धाकट्याला पोलिसांनी गाडीत घालून नेलं." पोरगा दुकान बंद करून घरी येत होता, एवढंच.

मी ठाण्यात गेलो. कशासाठी धरलंय, कलम कुठलं, जामीन मिळेल का, कुणी धड सांगेना. दुसऱ्या दिवशी तो सुटून आला. म्हणाला, "दादा, कन्नड कागदावर सही घेतली. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाले गप सही कर."

ते ऐकून मला आमची बँक आठवली. मराठीत सही करणारा कर्जदार असला की इंग्रजी मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचा दाखला आम्ही कागदाला जोडायचो. नसला तर ऑडिटवाले शेरा मारायचे. म्हणजे चार-पाच हजारांच्या कर्जाला जेवढी काळजी, तेवढीही माणसाच्या अटकेला नव्हती.

कायदा नव्हता असं नाही. राज्यघटनेचं कलम 22 पहिल्यापासून आहे. ही तरतूद डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1949 मध्ये घटना समितीत मांडली. अटकेचं कारण लवकरात लवकर सांगायचं, पसंतीचा वकील भेटू द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. 1973 च्या फौजदारी संहितेचं कलम 50 तर म्हणत होतं, कारण ताबडतोब सांगा, आणि गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्कही सांगा. म्हणजे आपण विचारायची वाट बघायची नाही, पोलिसांनी आपण होऊन सांगायचं.

भाषेचा निकालही जुनाच. 1962 मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा खटला सुप्रीम कोर्टात गेला. स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती, त्याला हिंदीच येत होतं. तोंडी समजावलं, असं सरकार म्हणालं. कोर्टानं ते मानलं नाही आणि त्याला सोडलं.

योगायोग बघा, आमच्याकडे जूनमध्ये हे घडलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालच्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यावर 18 डिसेंबर 1996 ला निकाल लागला, 11 सूचना आल्या. अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर वेळ-तारीख, साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही घ्यायची. नातेवाईकाला कळवायचं, आणि तसं कळवता येतं हा हक्कही त्याला सांगायचा. पुढं 2005 च्या दुरुस्तीनं घरी कळवणं संहितेतच आलं. आता 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत ही कलमं 47 आणि 48 आहेत.

आणि नोव्हेंबर 2025 मध्ये, मुंबईच्या वरळीतल्या अपघाताच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी हवीत आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत हवीत. लगेच जमलं नाही तर आधी तोंडी सांगा, पण मॅजिस्ट्रेटपुढं नेण्याआधी निदान दोन तास तरी कागद हातात पडलाच पाहिजे.

हे वाचलं तेव्हा काकू नव्हत्या. त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, त्या कागदावर काय होतं ते मला अजून माहीत नाही."

म्हणून नातवंडांना एवढं शिकवून ठेवा. का धरलं ते विचारायचं, घरी कळवा म्हणायचं, वकील मागायचा. आणि न कळणाऱ्या कागदावर सही करण्याआधी म्हणायचं, "साहेब, मराठीत सांगा."

1986 चं तुमच्या घरातलं काही आठवत असेल, तर जरूर लिहा.