बदली चिप आणि बदली कामगार

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. कारखान्याच्या फाटकावर ज्याची हयात गेली, अशा माझ्यासारख्या माणसाला इतिहास यंत्रात दिसतो. यंत्र कोणी घडविले, कुठे काटकसर करून घडविले आणि बिघडल्यावर ते कोणाला दुरुस्त करता येते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या काळचे बरेचसे अर्थकारण सापडते.

एक छोटे यंत्र घेऊ. 23 एप्रिल 1982 रोजी इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक जाहीर केला. 16 के स्मृतीच्या नमुन्याची किंमत 125 पौंड, 48 के स्मृतीच्या नमुन्याची 175 पौंड. घरचा टेलिव्हिजन हाच त्याचा पडदा. तो जुळविला जाई स्कॉटलंडमधील डंडी शहरात, टायमेक्सच्या कारखान्यात. आणि जुळविणारे बहुतेक हात बायकांचे होते. पुढे 1980 च्या दशकातच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तो परवान्याने भारतातही आणला.

आज हौशी मंडळी हे जुने संगणक पुन्हा चालू करू पाहतात. त्यांना पहिली ठेच लागते ती स्मृतीच्या चिप्सपाशी. खालच्या 16 के स्मृतीसाठी 4116 जातीच्या आठ चिप्स असत. या जातीला तीन प्रकारचा पुरवठा लागतो : अधिक 12, अधिक 5 आणि उणे 5 व्होल्ट. तिच्यानंतरची 4164 ही चिप दिसायला तशीच, सोळाच पायांची. त्याच जागी बेमालूम बसते. पण तिला एकटे 5 व्होल्ट हवेत, आणि तेही आठव्या पायावर. जुन्या जोडणीत त्याच पायावर 12 व्होल्ट येतात! म्हणजे जोडण्या न बदलता ती बसविली की जळालीच. बरे, 4116 मिळाली तरी काम संपत नाही. उणे 5 व्होल्ट नाहीसे होऊन 12 व्होल्ट चालू राहिले, तर तीही निकामी होते. म्हणून जाणता कारागीर आधी पुरवठा मोजतो, मग चिपला हात लावतो.

आता वरच्या 32 के स्मृतीची कथा ऐका. तेथल्या चिप्स मुळात 64 के क्षमतेच्या. पण घडविताना ज्यांचा एक अर्धा भाग सदोष निघाला अशा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि ओकी या कंपन्यांनी त्या 32 के म्हणून विकल्या, आणि स्वस्त पडतात म्हणून सिंक्लेअरने घेतल्या. कोणता अर्धा भाग चांगला, ते चिपवरील खुणेवरून कळे. आठही चिप्स एकाच खुणेच्या हव्यात, आणि पट्टीवरील छोटी तार त्याप्रमाणे जोडलेली हवी. या रांगेत मात्र 5 व्होल्टच येत असल्याने पूर्ण चांगली 4164 खुशाल चालते. एकाच पट्टीवर, एका रांगेत जी चिप जळून जाते, ती शेजारच्या रांगेत सुखाने नांदते! बाहेरच्या रूपावरून लायकी ठरविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आमच्या गिरण्यांत ‘बदली’ हा शब्द कामगाराला लावीत. मालकाच्या हिशेबात हात म्हणजे हात. एक गेला, दुसरा आला. डंडीतही हेच घडले. 1986 साली सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅडने विकत घेतला. जानेवारी 1993 मध्ये टायमेक्समध्ये कामगारकपातीवरून संप झाला. फेब्रुवारीत सुमारे 340 कामगारांना काढून टाकण्यात आले, आणि बदली माणसे बसमधून फाटकाच्या आत नेण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात कारखाना कायमचा बंद झाला.

कारखाना बंद पडतो तेव्हा पगार बुडतो, हे सर्वांना दिसते. पण कोणत्या खुणेची चिप कोणत्या तारेबरोबर जाते, हे बोटांत मुरलेले ज्ञानही फाटकाबाहेर पडते, आणि त्याचा पंचनामा कोणी करीत नाही. आज दुरुस्ती करणारे लोक तेच ज्ञान एकेक चिप जाळून पुन्हा मिळवीत आहेत. म्हणून माझे सांगणे एवढेच की, यंत्राबरोबर त्याचे नकाशे ग्राहकाच्या हाती पडले पाहिजेत. आणि कामगार संघटनांनी पगाराच्या मागणीइतक्याच आस्थेने आपल्या माणसांचे कसब, ती माणसे हयात आहेत तोवर, लिहून ठेविले पाहिजे.