सोळा सेकंद

24 सप्टेंबर 1972, रविवार. डोंबिवली स्टेशनवर अजून अंधार आहे. खिशात हात घालता तर मोबाइल नाही, पुठ्ठ्याचं छोटंसं तिकीट हाताला लागतं. गणपती नुकतेच गेलेत, पितृपक्ष लागलाय. मुंबईकडची लोकल येते आणि तुम्ही चढता. रविवारची पहाट, म्हणून चक्क खिडकी मिळते.

डब्यात बोलणं एकच, पावसाचं. यंदा तो आलाच नाही म्हणायचा. गावाकडून पत्रं येतायत, गुरं विकायला काढली म्हणून. रेशनच्या दुकानात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळते, तिची भाकरी घशाखाली उतरत नाही असं एक बाई शेजारणीला सांगतेय. मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालताना खाडीवर एक लुकलुकता दिवा सरकताना दिसतो. समोरचे गृहस्थ मान वर करतात. "विमान. जूनमध्ये दिल्लीला ते जपानी पडलं ना... ब्याऐंशी माणसं गेली." मग थोडं थांबून, "आणि आपल्याच जिल्ह्यात, नालासोपाऱ्याला, बिलालपाड्यावर पडलं होतं. अडुसष्ट साली."

पेंगुळलेले एक आजोबा दचकून उठतात, पिशवी उचलतात आणि दाराकडे निघतात. शेजारचा मुलगा त्यांची बाही धरतो. "आजोबा, ठाणं नाही आलं अजून." आजोबा बाहेर बघतात, पुटपुटतात, पुन्हा बसतात. ती बाही लक्षात ठेवा.

दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी आणि मग पार्ले. स्टेशनबाहेर पडून पश्चिमेला चालायला लागायचं. तुमच्या काळातला उड्डाणपूल नाही, काचेच्या इमारती नाहीत. नारळाची झाडं, बंगल्यांची कुंपणं आणि पुढे मोकळं, गवताळ जुहूचं मैदान.

इथं 1928 पासून विमानं उतरतात. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन, अहमदाबादला थांबून, याच मैदानावर उतरले. पावसाळ्यात इथं इतका चिखल व्हायचा की टाटांना आपली विमानं पुण्याला हलवावी लागत. पुढे मोठ्या विमानांसाठी सांताक्रूझचा विमानतळ झाला आणि जुहू फ्लाइंग क्लबच्या लहान विमानांकडे राहिलं. धावपट्टी डांबरी आहे, सरळ आहे, पूर्व-पश्चिम आहे. लांबी 1143 मीटर.

आता पूर्वेकडे बघा. जेमतेम दोन किलोमीटरवर सांताक्रूझची मोठी पट्टी आहे. तीही जवळजवळ त्याच दिशेची, पण लांबीला हिच्या तिप्पट. समुद्रावरून येणाऱ्याला दोन्ही एकापुढे एक दिसतात, आणि आधी लागते ती ही, आखूड. या सापळ्यात याआधीही एक विमान सापडलं होतं. 1953 च्या जुलैत बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट, त्या काळचं जगातलं सर्वांत नवलाचं जेट, सांताक्रूझ समजून इथंच उतरलं. ते कसंबसं थांबलं आणि काही दिवसांनी उडवून बाहेर काढलं. म्हणजे ही चूक होऊ शकते हे 19 वर्षांपासून ठाऊक होतं. मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

सकाळचे पावणेसात होत आलेत. दिवस-रात्र सारखी असण्याचे हे दिवस, म्हणून सूर्य नेमका पूर्वेला, पट्टीच्या टोकावर उगवलाय. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघता. पश्चिमेच्या आभाळात उतरता चंद्र फिका पडतोय, आणि त्याच्या खाली एक ठिपका मोठा होतोय.

जपान एअर लाइन्सची 472 क्रमांकाची फेरी. लंडनहून निघून फ्रँकफर्ट, रोम, बैरुत, तेहरान करत आलेलं डीसी-8, पुढे बँकॉक आणि हाँगकाँगमार्गे टोकियोला जायचं. आत 122 माणसं. चार इंजिनं, नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे 46 मीटर. चाकं बाहेर आहेत. तुम्ही वाट बघता की ते आता डोक्यावरून पुढे सांताक्रूझला जाईल.

ते पुढे जात नाही, खाली येतं.

तुम्ही हात हलवता, ओरडता. काही उपयोग नाही. वर कॉकपिटमध्ये काय दिसत असेल याचा विचार करा. मुंबई गाठायची होती, मुंबई दिसली. पट्टी हवी होती, पट्टी दिसली, तीही हव्या त्या दिशेची. डोळ्यांनी खोटं काहीच सांगितलेलं नाही. चूक फक्त नावाची आहे. आणि एकदा मनानं 'हीच ती' म्हटलं, की त्यानंतर दिसणारी प्रत्येक गोष्ट त्या 'हीच'ला पुरावा म्हणून येते. पट्टी आखूड दिसते? लांबून दिसतेच तशी. मोठमोठी विमानं उभी नाहीत? पहाट आहे.

चाकं टेकतात. असं जेट टेकतं तेव्हा वेग ताशी साधारण 250 किलोमीटर असतो, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर. ब्रेक लावलेच नाहीत तर 1143 मीटर संपायला लागतात 16 सेकंद.

आणि या सोळा सेकंदांत काळ तुम्हाला भिरकावून देतो.

31 मे 2014 ची रात्र, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं बेडफर्ड. एक गल्फस्ट्रीम-4, श्रीमंतांचं खासगी जेट, उड्डाणासाठी धावतंय. उभ्या विमानाचे पंख-शेपटीचे हलते भाग वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून एक कुलूप लावतात, ते काढायचं राहून गेलंय. स्टिअरिंग हलत नाही हे कळतं, तरी लगेच थांबत नाहीत. विमान पट्टी ओलांडून खड्ड्यात जातं, पेट घेतं. सातही जण जातात. चौकशीत निघालं की या दोन पायलटांनी आधीच्या 175 उड्डाणांपैकी फक्त 2 वेळा स्टिअरिंग पूर्ण हलवून बघितलं होतं. दोघे वर्षानुवर्षं एकत्र उडणारे, एकमेकांवर विश्वास असलेले. तो विश्वासच इतका मुरला की तपासणीची यादी मोठ्यानं वाचायचंही कुणाला सुचलं नाही.

22 मे 2010, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान टेकडीवरच्या पट्टीवर फार पुढे टेकतंय. को-पायलटनं त्याआधी तीनदा सांगितलंय, गो-अराउंड. म्हणजे उतरू नका, विमान उचला, फेरी मारून पुन्हा या. कॅप्टननं उतरायचंच ठरवलंय. पट्टी संपते, पुढे दरी आहे. 158 माणसं.

या दोन रात्री-पहाटांमधलं सगळं तांत्रिक बाजूला ठेवलं तर उरतं ते इतकंच, की थांबायला किंवा परत फिरायला वेळ होता आणि ते केलं नाही. गो-अराउंडला इंधन लागतं, दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि पाठीमागे बसलेल्यांना सांगावं लागतं. खासगी जेटमध्ये तर ती पाठीमागची माणसं चार-सहाच असतात, मालक किंवा मालकाचे पाहुणे, आणि पायलट त्यांना चेहऱ्यानं ओळखतात. एवढ्या लहान जागेत 'जमलं नाही, पुन्हा येतो' म्हणायला मोठ्या विमानापेक्षा जास्त छाती लागत असणार असं मला वाटतं.

सोळा सेकंद संपले. तुम्ही पुन्हा जुहूला आहात.

डीसी-8 तुमच्या समोरून गेलंय. इंजिनांचा उलटा झोत किंचाळतोय, धूळ, गवत, जळक्या रबराचा वास. पट्टी संपते आणि विमान थांबत नाही. डांबर सोडून ते मातीत शिरतं, एक मोठा, खोल आवाज होतो आणि मग सगळं एकदम गप्प. फ्लाइंग क्लबकडून कुणीतरी धावत येतंय. दारं उघडतात. माणसं उतरायला लागतात. काहींना लागलंय, पण 122 पैकी एकही मेलेला नाही. त्या कंपनीला हे वर्ष फार वाईट गेलं. जूनमध्ये दिल्ली, आणि नोव्हेंबरात मॉस्कोला आणखी 62 जाणार आहेत, हे तुम्हालाच तेवढं माहीत आहे. या सगळ्यात जुहूची माणसं घरी गेली.

कॉमेट इथून उडून गेलं होतं. हे विमान पुन्हा कधी उडणार नाही, दुरुस्त करण्याच्या पलीकडे गेलंय.

तुम्ही गवतात बराच वेळ बसून राहता. डोक्यावरून पुढचं विमान सांताक्रूझला जातं, खूप उंचावरून, बिनचूक.

संध्याकाळी दादरहून परतीची गाडी. भायखळ्यापासूनच भरून आलेली. तुमच्या शेजारी एक गृहस्थ बसलेत, इस्त्रीचा सदरा, चष्मा, मांडीवर चामड्याची बॅग. समोरच्याला ते ठामपणे सांगतायत की बदलापूरला पोचायला अजून तासभर आहे, एक डुलकी काढतो. तुम्ही चढताना पाटी बघितली होती. गाडी कसाऱ्याची आहे. कल्याणनंतर ती बदलापूरकडे वळणार नाही.

त्यांनी डोळे मिटलेत. समोरच्यालाही कळलंय, तो खिडकीबाहेर बघतोय. एवढा शहाणा दिसणारा माणूस, रोजचा जाणारा असेल, आपण कोण सांगणारे? घाटकोपर जातं. मुलुंड जातं. ठाण्याला गर्दीचा लोंढा उतरतो आणि तेवढाच चढतो.

डोंबिवलीला तुम्हाला उतरायचंय. तुम्ही उठता, दाराकडे दोन पावलं जाता, परत फिरता आणि त्यांच्या बाहीला हात लावता.

"काका, ही कसारा आहे. कल्याणला उतरा, कर्जतची मागून येईल."