कष्टकऱ्याच्या ताटातील कडधान्य



इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोते लढाया, तह आणि राजघराणी यांची अपेक्षा करतात. आमचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. जो इतिहास वाचला तो युनियनच्या कचेरीतील कंदिलाखाली आणि वाचनालयातील जुन्या गॅझेटियरांतून. म्हणून ज्या विषयात आमचा थोडाफार अधिकार चालेल, तोच आज मांडतो. तो विषय म्हणजे कष्टकऱ्याच्या घरातले कडधान्य. विषय चुलीपाशी सुरू होतो. पण तो तेथेच का थांबत नाही, हे पुढे ध्यानात येईल.

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातले सरहद्दीवरचे गाव. येथे एका धान्याला दोन नावे असतात. मराठी घरातला हुलगा कानडी घरात हुरळी होतो आणि चवळी अलसंदी होते. भाषा बदलली तरी मडके तेच आणि आमटीही तीच. हे सख्य आजकालचे नव्हे. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत इतर धान्यांबरोबर कडधान्यांचे जळके दाणेही मिळाले. तूर ही तर याच देशात माणसाळलेली. उलट, राजमा ज्या जातीचा त्या घेवड्याचे मूळ अमेरिकेत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो जगभर पसरला. आपल्या ताटातला कोण जुना रहिवासी आणि कोण पाहुणा, हे अशा शोधांवरूनच कळते.

आता निवडण्याकडे वळू. आमच्या मातोश्री लिहिणे-वाचणे जाणत नव्हत्या, पण सुपात दाणे घोळवून त्या धान्याचे वय सांगत. मटकी घ्यावी ती एकसारख्या दाण्याची आणि तजेलदार. भोक पडलेला दाणा म्हणजे आत किडा येऊन गेला असे समजावे. सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे बाजूला काढावेत. मूठभर दाणे रात्री भिजत घालून सकाळी पाहावे. जे टणकच राहिले ते कुचर. कुचर दाणा कितीही शिजवला तरी शिजत नाही. जुने, उष्ण्यात पडून राहिलेले धान्य असेच कठीण होते, म्हणून स्वस्त मिळाले तरी ते महागच पडते, कारण सरपण त्याहून जास्त जाते.

शिजवण्याचेही शास्त्र आहे. आमच्या भागातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड. त्यातील चुना दाण्याच्या सालीला घट्ट करतो, आणि मग बायका डाळीला बोल लावतात. चिंच, आमसूल आधी घातले तरी दाणा आखडतो. आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावरच घालावे. मटकीला एक रात्र भिजवणे आणि एक दिवस फडक्यात बांधणे पुरते. हुलगा हट्टी, त्याला अधिक वेळ द्यावा, आणि त्याचे कढण कधीही ओतून देऊ नये. भाजून दळलेल्या हुलग्याचे गूळ घातलेले माडगे आणि लसणाचे शेंगोळे ही गरिबाची थंडीतली पक्वान्ने होत. मोड आले की पोटात वात धरणारी द्रव्ये कमी होतात. राजमा मात्र नुसत्या मंद आचेवर कधी ठेवू नये. त्यातील विषारी द्रव्य खळखळून उकळल्यावाचून जात नाही.

आणि भाकरीबरोबर हे का हवे? ज्वारीत लायसिन नावाचे द्रव्य थोडे. ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात जे उणे ते ज्वारीत सापडते. मार्गशीर्षातल्या येळ अमावस्येला शेतात बसून आपण पावटा, तूर, हरभरा, वाटाणा यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खातो. त्या एका पंगतीत हे सारे शास्त्र पूर्वजांनी बसवलेले आहे.

येथपर्यंत चूल झाली. आता माप. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. खडी फोडणाऱ्या मजुराला किती द्यावे, हा प्रश्न सरकारपुढे आला. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीस माप ठरवले. दिवसभर कष्टणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, आणि वर एका आण्याची क्षुल्लक भर. मद्रासचे आरोग्य-अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यावर कडाडून टीका केली. श्रम करणाऱ्या देहाला एवढे धान्य पुरत नाही, आणि डाळ व भाजी हवीच, असे त्यांचे म्हणणे. इकडे मुंबई इलाख्यात हजारो भुकेल्या मजुरांनी कामावर पाणी सोडले. पुण्याची सार्वजनिक सभा, न्यायमूर्ती रानडे व गणेश वासुदेव जोशी ज्या सभेत कार्य करीत, तिने त्यांची कैफियत मांडली.

नागपूरच्या एंप्रेस मिलमधला १८७७ चा संप आपल्याकडचा पहिला गिरणी-संप म्हणून सांगितला जातो. त्याच वर्षी खडीवरच्या मजुरांनी काम सोडले होते, हे आमच्या चळवळीत फारसे कोणी सांगत नाही. ना त्यांचे पुढारी माहीत, ना नावे. पण ज्यांच्याजवळ उपवासाशिवाय दुसरे काहीच उरले नव्हते, त्यांनी ‘एवढ्यात पोट भरत नाही’ म्हणून पाठ फिरवली, यापेक्षा मोठा संप कोणता?

आम्ही विडी आणि यंत्रमाग कामगारांत तीस वर्षे वावरलो. मागणीपत्र करताना बायकांना विचारतो, ‘वरणात डाळ किती?’ अनेकदा उत्तर एकच येते, ‘पाणी वाढवलं की पुरतं, भाऊ.’ देशाचा हिशेबही याहून वेगळा नाही. १९६१ साली माणशी दररोज ६९ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २००१ साली त्या ३० ग्रॅमवर आल्या. गव्हा-तांदळाला पाणी, खत आणि सरकारी खरेदी मिळाली. कडधान्य कोरडवाहू रानात राहिले. पुढे आकडा काहीसा सावरला, पण २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली तेव्हा आमच्या सभासदांच्या घरी महिना-महिना वरण झाले नाही. शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांला आनंद आहे. परंतु जी डाळ पिकते तिच्या बांधावरच्या माणसालाही ती खाता यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

घरी जाऊन मटकी भिजत घाला, आणि कुचर दाणे निवडताना १८७७ च्या त्या निनावी मजुरांची आठवण ठेवा. पुढच्या वेतनकरारात महागाईभत्त्याचे गणित कोणी मांडू लागला, तर त्याला पहिला प्रश्न विचारा: यात डाळ किती धरली?