गंजिफा : पत्ते उरले, खेळ कुठे गेला?

मंडळी, पत्ते म्हटले की आपल्याला बावन्न पानं आठवतात. पण त्यांच्याही आधी आपल्याकडे पत्ते होते. गोल, हाताने रंगवलेले. त्यांना गंजिफा म्हणत. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे. पुढे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या गंजिफाचं सविस्तर वर्णन केलं. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते. आपल्या मंडळींनी या खेळात विष्णूचे दहा अवतार आणून बसवले आणि दशावतारी गंजिफा तयार झाला. दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. एकूण १२० पत्ते.

आता नियम. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला ४० पानं. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असणाऱ्याने. गंमत पुढेच आहे. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलट! एखादा रंग बाकीच्या सगळ्यांना मारतो, असंही इथे नाही. म्हणजे कोणतं पान पडून गेलं आणि कोणतं अजून बाहेर आहे, हे लक्षात ठेवणाऱ्याचीच सरशी. आपल्या पाच-तीन-दोनमध्ये तीसच पानं असतात, तरी तिथे किती जण गडबडतात!

हे सगळं आठवायला कारण झाला माझा नातू. आमच्या मुळशीत पाऊस लागला की चार-चार दिवस घराबाहेर पडवत नाही. अशा एका सुट्टीत तो पोकेमॉनच्या पत्त्यांची फाईल घेऊन आला होता. प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या कप्प्यात. शाळेत मुलं त्यांची अदलाबदल करतात. “खेळतोस कधी?” असं विचारलं, तर म्हणाला, “आजोबा, खेळायला कुणाला येतच नाही. सगळे नुसते जमवतात.”

मग आम्ही दोघांनी नियम वाचून काढले. प्रत्येकाचा गठ्ठा ६० पानांचा. हातात सात पानं घ्यायची, सहा बक्षिसाची म्हणून पालथी ठेवायची. आपल्या पाळीला एक पान उचलायचं. प्राण्याला हल्ल्यासाठी शक्तीची पानं लागतात, ती एका पाळीत एकच लावता येते. समोरचा प्राणी बाद केला की आपल्या बक्षिसांतलं पान घ्यायचं. सहाही घेतली की जिंकलो. पाळीच्या सुरुवातीला उचलायला पान उरलं नाही, तर हरलो. असे जमवायचे पत्ते १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाच्या ‘मॅजिक’ या खेळापासून रूढ झाले. पोकेमॉनचे पत्ते १९९६ साली जपानात निघाले. गंजिफात सगळे एकाच जोडातून खेळतात, इथे प्रत्येकजण आपला गठ्ठा स्वतः रचून आणतो. फरक एवढाच मोठा.

आणि साम्य? तेच मला जास्त खटकतं. छापील बावन्न पानं स्वस्तात मिळू लागली आणि गंजिफा मागे पडला. सावंतवाडीत तर ही कला जाणणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे वयोवृद्ध कारागीरच उरले होते. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती समजून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं, म्हणून ती वाचली. चिंचोक्याची खळ, लाख, बारीक कुंचला, सगळं परत आलं. आज सावंतवाडीचा गंजिफा लोक हौसेने विकत घेतात. पण घेऊन काय करतात? चौकट करून भिंतीवर लावतात.

चित्र कपाटात टिकतं, नियम माणसातच टिकतो. व्याकरण पाठ करून भाषा येत नाही, ती बोलावी लागते. खेळाचंही तसंच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजी-आजोबा गंजिफा खेळत असतील, तर त्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. सावंतवाडीला गेलात तर जोड जरूर आणा, पण पेटी उघडून तिघांनी खेळायला बसा. पहिल्या डावात कोणत्या रंगात एक्का मोठा यावरून भांडण होईल. होऊ दे. ते भांडण ऐकणारं एखादं पोर पुढे तो नियम विसरणार नाही.